झिरोचा बल्ब शून्य नसतो : घरातल्या उजेडाचा हिशोब



आज सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते. आठवीच्या वर्गात विजेची बचत शिकवत होते. नेहमीचीच वाक्यं चालली होती, गरज नसताना दिवे बंद करा, पंखा बंद करा वगैरे. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "बाई, झिरोच्या बल्बला किती वीज लागते?" मी क्षणभरही विचार न करता सांगितलं, "अगं, झिरोच तो. नसल्यासारखीच." वर्ग हसला आणि तास पुढे गेला.

त्या मुलीच्या घरी पर्यटकांना राहायला खोल्या देतात. गणपतीपुळ्यात हे घरोघरी आहे, तुम्हाला ठाऊकच असेल. देवळापासून भंडारपुळ्यापर्यंत चालत गेलात तर 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' अशी पाटी दर चार-पाच घरांमागे दिसते. रात्री पाहुणे उठले तर अडखळू नयेत म्हणून तिच्या वडिलांनी व्हरांड्यात, जिन्यावर आणि न्हाणीघरांबाहेर मिळून सहा झिरोचे बल्ब लावले होते. ते संध्याकाळी सहाला लागत आणि सकाळी सहाला बंद होत. बाईंनीच सांगितलं म्हटल्यावर त्या बल्बांकडे कोणाचं लक्ष जायचं कारण उरलं नाही. बिल मात्र येतच होतं.

पुढे काय झालं ते सांगते. त्याआधी पालकांनी स्वतःच्या घरात एक गोष्ट करून बघावी. देवघरात जो लाल किंवा पिवळा छोटा बल्ब जळतो तो काढून त्याच्या पितळी टोपीवर किंवा काचेवर काय छापलंय ते वाचा. जुन्या तारेच्या झिरो बल्बवर बहुतेक वेळा 10 किंवा 15 वॅट सापडतं. नावात शून्य आहे, विजेत नाही. जुन्या काळच्या चकतीच्या मीटरची चकती एवढ्याशा भाराने जेमतेम हलायची, म्हणून हे नाव पडलं असं म्हणतात. चकतीचे मीटर गेले, नाव तेवढं राहिलं.

आता गणित. 15 वॅटचा बल्ब देवघरात चोवीस तास जळतो. 15 गुणिले 24 गुणिले 30 म्हणजे 10,800 वॅट-तास, म्हणजेच 10.8 युनिट. महिन्याला जवळजवळ अकरा युनिट फक्त त्या टिमटिम उजेडासाठी. त्या मुलीच्या घरचे सहा बल्ब बारा तास धरले तर 32.4 युनिट होतात. एवढ्या विजेत एखाद्या लहान घराचे सगळे एलईडी दिवे महिनाभर सहज चालतील.

मीटर डोळा मिचकावतो

हे गणित फळ्यावर मांडून मुलांना पटत नाही. मला स्वतःलाच ते आधी पटलं नव्हतं. म्हणून आम्ही एक साधा प्रयोग केला. तो कोणत्याही शाळेत आणि कोणत्याही घरात करता येतो.

आजकालच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. तो शोभेसाठी नाही. मीटरच्या पुढच्या बाजूला 3200 imp/kWh असं काहीतरी बारीक अक्षरात छापलेलं दिसेल. त्याचा अर्थ, एक युनिट वीज वापरली की तो दिवा 3200 वेळा लुकलुकतो. आमची मुलं म्हणतात, मीटर डोळा मिचकावतो. मग मोजायला काय हरकत आहे?

घरातलं सगळं बंद करा. फ्रीजचा प्लग काढा, मोबाईलचे चार्जर काढा, टीव्हीचं नुसतं रिमोटवर भागवू नका, बटण बंद करा. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद, कारण तो गुपचूप बॅटरी भरत असतो. आता मीटरसमोर उभं राहून बघा, दिवा लुकलुकायचा थांबायला हवा. थांबला नाही तर घरात काहीतरी चालू राहिलंय, आधी ते शोधा. (आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरी हा शोध गोठ्यापर्यंत गेला. तिथे दिवसाढवळ्या बल्ब जळत होता आणि कोणाच्या लक्षात नव्हतं. प्रयोग सुरू होण्याआधीच फायदा झाला.) मुलांना मीटरला, कटआउटला किंवा वायरीला हात लावू देऊ नका. लांबून बघायचं आणि मोजायचं एवढंच. मोठं माणूस सोबत हवं.

मग एकच बल्ब लावा आणि घड्याळ लावून दहा मिनिटं मोजा. 3200 च्या मीटरवर 60 वॅटचा जुना पिवळा बल्ब दहा मिनिटांत 32 वेळा डोळा मिचकावतो. 9 वॅटचा एलईडी जेमतेम पाच वेळा. आणि झिरोचा? त्या मुलीने स्वतः मोजलं. आठ वेळा. शून्य म्हणवणारा बल्ब खोलीभर उजेड देणाऱ्या एलईडीपेक्षा जास्त वीज खात होता. दुसऱ्या दिवशी वर्गात आल्या आल्या ती म्हणाली, "बाई, झिरो म्हणजे पंधरा." मी फळ्यावर तसंच लिहिलं आणि आधी चुकीचं सांगितलं होतं हेही सांगितलं. मुलांना हा प्रसंग अजून आठवतो. बाकीचा धडा आठवतो की नाही, खात्री नाही.

तिच्या वडिलांनी मग सहाही ठिकाणी अर्ध्या वॅटचे एलईडी बल्ब लावले. ते सहाही मिळून महिन्याला एक युनिटच्या आसपास वीज घेतात. अर्ध्या वॅटवर मोजणी करायला बसलात तर तासभरात एखाद-दुसरी लुकलुक दिसेल, कदाचित तीही नाही. फार बारीक भार मीटर धरतच नाही.

एक गोष्ट इथे सांभाळा. मोजलेला आकडा बल्बवर छापलेल्या वॅटशी तंतोतंत जुळेलच असं नाही. आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं. 230 ऐवजी 200 आलं तर 60 वॅटचा तारेचा बल्ब 48 वॅटच्या आसपासच घेतो आणि लुकलुक 32 ऐवजी 25-26 भरते. मुलं म्हणतील, वाचली की वीज. पण त्या वेळी उजेडाकडे बघायला सांगा. वीज पाचव्या हिश्शाने घटते, उजेड मात्र जवळजवळ चाळीस टक्क्यांनी. तारेचा बल्ब जितका कमी तापतो तितका तो अधिक वाया घालवतो. चांगल्या एलईडीच्या आतलं छोटं सर्किट व्होल्टेज थोडं पडलं तरी उजेड तसाच ठेवतं. गावाकडे एलईडीचा मोठा फायदा हाच आहे, आणि बचतीच्या जाहिरातीत तो कोणी सांगत नाही.

उष्णतेचा दिवा आणि उजेडाचा दिवा

एवढा फरक का पडतो? तारेच्या बल्बमध्ये टंगस्टनची तार इतकी तापवतात की ती प्रकाश देऊ लागते. म्हणजे मुळात ती शेगडीच आहे, उजेड हा तिचा जोडधंदा. शंभर भाग विजेतले पाच-एक भाग उजेड होतात, बाकीची उष्णता. कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला लोक हाच बल्ब टांगतात, आणि त्या कामाला तो चांगलाच आहे. मे महिन्यात घामाच्या धारा लागलेल्या असताना तो स्वयंपाकघरात कशाला हवा, एवढाच प्रश्न आहे.

एलईडीत तार नसते. अर्धवाहकाच्या एका बारीकशा तुकड्यातून वीज गेली की थेट प्रकाश बाहेर पडतो. लाल आणि हिरवे एलईडी कित्येक वर्षं होते, रेडिओवरचा लाल ठिपका जुन्या लोकांना आठवेल. अडलं होतं निळ्यापाशी. निळ्याशिवाय पांढरा उजेड कसा करणार? तो प्रश्न जपानच्या इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांनी सोडवला आणि त्यासाठी 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. आपल्या घरातला पांढरा एलईडी म्हणजे आत निळा एलईडी आणि त्यावर पिवळसर पावडरीचा थर. निळा आणि त्या थरातून येणारा पिवळा मिळून डोळ्याला पांढरा दिसतो. बिघडलेला बल्ब मोठ्या माणसाने उघडून दाखवला तर आत पिवळे ठिपके दिसतात. वर्गात जरूर दाखवा.

आमच्या किनाऱ्यावरच्या मुलांच्या कानावर 'एलईडी' हा शब्द आधी वेगळ्याच कारणाने पडलेला असतो. बोटीवर प्रखर एलईडी लावून मासे गोळा करायचे आणि जाळं मारायचं, यावरून पारंपरिक मच्छीमार आणि मोठ्या बोटवाल्यांची भांडणं रत्नागिरी जिल्ह्यात चांगलीच गाजली. 2017 मध्ये केंद्र सरकारने अशा मासेमारीवर बंदी घातली. त्यामुळे वर्गात "एलईडी चांगला की वाईट?" असा प्रश्न आलाच. मी म्हटलं, थोड्या विजेत खूप उजेड देणं हा त्याचा गुण, तो उजेड कुठे पाडायचा हे माणसाने ठरवलेलं. यावर मुलं बराच वेळ बोलली. मी मध्ये पडले नाही.

वीज येते कुठून, हेही मुलांना जवळचंच दाखवता येतं. गणपतीपुळ्याहून उत्तरेला जयगडला कोळशावर चालणारं 1200 मेगावॅटचं वीजकेंद्र आहे, 300 मेगावॅटचे चार संच. तिथली वीज थेट आपल्याच घरात येते असं नव्हे, ती सगळ्या जाळ्यात मिसळते. पण कोळशापासून बल्बपर्यंतचा हिशोब मांडायला हे उदाहरण चांगलं. कोळशातली ऊर्जा शंभर धरा. त्यातली पस्तीसच्या आसपास विजेच्या रूपाने बाहेर पडते. तारा, रोहित्रं यांतली गळती धरून घरापर्यंत तीसेक पोहोचते. तारेच्या बल्बने त्यातला विसावा भाग उजेडात बदलला, म्हणजे दीड. शंभर जाळून दीड! चांगला एलईडी त्या तिसातले नऊ-दहा उजेडात देतो. देशाच्या वीज जाळ्यात एका युनिटमागे सरासरी सातशे ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. देवघरातल्या चोवीस तासांच्या झिरो बल्बचे महिन्याचे अकरा युनिट या आकड्याने मुलांनाच गुणायला लावा. दहावीला 'हरित ऊर्जेच्या दिशेने' हा पाठ आहेच, तिथे हे उदाहरण छान बसतं.

वॅट विसरा, ल्युमेन वाचा

दुकानात आपण अजूनही "साठचा द्या", "शंभरचा द्या" असंच म्हणतो. वॅट म्हणजे बल्ब किती खातो. तो किती देतो ते ल्युमेनमध्ये लिहिलेलं असतं. गाय किती चारा खाते हे विचारून कोणी विकत घेत नाही, दूध किती देते ते विचारतात. 60 वॅटचा जुना बल्ब सातशेच्या आसपास ल्युमेन देतो, 9 वॅटचा बरा एलईडी आठशे ते नऊशे. पूर्वीच्या कंदिलाचा उजेड पन्नास-साठ ल्युमेन, त्यातही काच पुसलेली असली तर.

खोक्यावर ल्युमेनला वॅटने भागायचं. भागाकार जितका मोठा तितका बल्ब किफायतशीर. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, म्हणजे बीईई, याच हिशोबावर तारे देतो, आणि एलईडी बल्बवर हे तारांकन 2018 पासून सक्तीचं आहे. शिवाय बीआयएसचा 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. बाजारात पन्नास रुपयांना तीन असे बल्ब मिळतात, त्यांच्यावर यातलं काहीच नसतं. मी घेतलेत. एका पावसाळ्यात तिन्ही गेले.

2014 मध्ये सरकारने एलईडी बल्ब घाऊक खरेदी केले तेव्हा एका बल्बला 310 रुपये पडले होते. 5 जानेवारी 2015 ला उजाला योजना देशभर सुरू झाली. एकदम कोट्यवधींची मागणी आल्यामुळे खरेदीची किंमत दोनेक वर्षांत 38 रुपयांवर आली. महावितरणच्या कार्यालयाबाहेर रांग लावून ते बल्ब आणलेले बऱ्याच जणांना आठवत असतील. माझ्या स्वयंपाकघरात त्यातला एक अजून चालू आहे.

ल्युमेनचा पडताळा वर्गात घ्यायचा असेल तर खोबरेल तेल पुरे. पांढऱ्या कागदाच्या मध्यभागी तेलाचा एक थेंब टाका, डाग पडू द्या. अंधाऱ्या खोलीत दोन टोकांना दोन बल्ब ठेवा आणि मधल्या रेषेवर तो कागद पुढे-मागे सरकवा. ज्या बाजूला उजेड कमी त्या बाजूने डाग उजळ दिसतो, दुसऱ्या बाजूने काळपट. दोन्हीकडून सारखा उजेड पडला की डाग जवळजवळ नाहीसा होतो. बुन्सेन बर्नरवाल्या बुन्सेनचीच ही युक्ती. आता अंतरं मोजा. समजा डाग एलईडीपासून 100 सेंटिमीटर आणि 60 वॅटच्या बल्बपासून 90 सेंटिमीटरवर नाहीसा झाला. 100 भागिले 90, त्याचा वर्ग 1.23. म्हणजे एलईडीचा उजेड सव्वापट. एकाचा उजेड पिवळा आणि दुसऱ्याचा पांढरा असेल तर डाग पूर्ण जात नाही, रंगाचा फरक राहतोच. आणि एलईडी पुढच्या बाजूला जास्त आणि मागे कमी उजेड देतो, म्हणून दोन्ही बल्ब तोंड कागदाकडे करून ठेवा आणि मिळालेला आकडा अंदाज म्हणूनच घ्या.

आजी अंधारात बसते त्याचं काय?

इतकं सगळं झाल्यावर मी मुलांना घरच्या दिव्यांची नोंद करून आणायला सांगितली. खोली, दिवा, वॅट, रोजचे तास. एका मुलाच्या वहीत माजघरापुढे लिहिलं होतं, '60 वॅट, अर्धा तास'. मला वाटलं चुकलाय. विचारलं तर म्हणाला, "आजी लावूच देत नाही बाई." त्या घरी गेले. दुपारचे चार वाजले होते, बाहेर लख्ख ऊन, आणि माजघरात आजी जवळजवळ अंधारात तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, दिवा लावू का? तर म्हणाली, "कशाला गो बाय? दिसतंय की अजून. बिल काय कमी येतं?" नातू त्याच खोलीत, दाराच्या चिरेतून येणाऱ्या उजेडात पुस्तक धरून बसायचा.

त्या दिवसापासून मी 'दिवे कमी वापरा' हे वाक्य वर्गात म्हणणं सोडलं. आपण शिक्षक हे वाक्य सरसकट सगळ्यांना सांगतो. पण ज्या घरात आधीच दिवा लावायची धास्ती आहे तिथे ते लागतं म्हातारीच्या गुडघ्याला आणि मुलाच्या डोळ्यांना. त्या घरात 9 वॅटचा बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला 1.35 युनिट होतात. जुना 60 वॅटचा तेवढाच वेळ लावला तर 9 युनिट. अर्ध्या तासाच्या काटकसरीतही तो जुना बल्ब 0.9 युनिट खातच होता. जवळपास तेवढ्याच विजेत एलईडी साडेतीन तास चालतो. हे आजीला सांगितलं तेव्हा तिने आधी नातवाकडे बघितलं. तो म्हणाला, "मोजलंय मी."

अभ्यासासाठी मात्र छतावरचा एक बल्ब पुरत नाही, मग तो कितीही किफायतशीर असो. वाचायला पुस्तकाच्या पानावर 300 लक्सच्या आसपास उजेड हवा. एका चौरस मीटरवर एक ल्युमेन पडला की एक लक्स. दहा बाय बाराच्या खोलीत, म्हणजे अकरा चौरस मीटरमध्ये, 850 ल्युमेनचा बल्ब लावला आणि निम्मा उजेड भिंती आणि छताने खाल्ला असं धरलं, तर जमिनीवर चाळीस लक्सही पडत नाहीत. उलट 5 वॅटचा, चारशे ल्युमेनचा टेबललॅम्प पुस्तकावर अर्धा मीटर उंचीवर ठेवा. त्यातला निम्मा उजेड अर्ध्या चौरस मीटरवर पडला तरी चारशे लक्स होतात. खोलीला 9 आणि टेबलाला 5, एकूण 14 वॅट. जुना 60 चा बल्ब लावूनही एवढं नीट दिसत नव्हतं. मोबाईलमध्ये लक्स मोजणारं मोफत ॲप मिळतं. अगदी अचूक नसलं तरी दोन जागांची तुलना होते. मूल जिथे बसतं तिथे, त्याच्या पुस्तकावर ठेवून एकदा बघा. बऱ्याच पालकांना धक्का बसतो.

काचेचं कौल

सगळ्यात स्वस्त दिवा मात्र दुकानात मिळत नाही. आपल्या कौलारू घरांत मधल्या खोल्यांना खिडकी नसते, म्हणून जुने लोक छपरात एखादं काचेचं कौल बसवत. दिवसभर जमिनीवर उजेडाचा चौकोन सरकत असायचा, त्यावर आजी वेळही सांगायची. आता त्या कौलावर वर्षानुवर्षांचं शेवाळ आणि आंब्याचा पाला असतो. त्या मुलाच्या घरी असंच निघालं. गणपतीच्या आधी छपरावर चढलेल्या माणसाकडून ते घासून घेतलं आणि माजघरात दुपारचा दिवा लागेनासा झाला. मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर जपून ठेवलं आहे. सहल नेलीत तर स्मारकातल्या फलकांबरोबर घराच्या आतला उजेडही मुलांना बघायला सांगा. तो कुठून येतो आणि कुठे पोहोचत नाही?

भिंतीचा रंगही बघा. पांढरा चुना अंगावर पडलेल्या उजेडातला बराचसा परत फेकतो, गडद निळी किंवा चॉकलेटी भिंत तो गिळते. सध्या हौसेने गडद रंग देतात आणि मग दोन दिवे जास्त लावतात. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. झड आत येऊ नये म्हणून पडवीला झावळ्यांचे झाप किंवा निळं प्लास्टिक बांधलं की चार महिने घरात दुपारी बारालाही संध्याकाळ. प्लास्टिक बांधायचंच असेल तर पांढरट, अर्धपारदर्शक घ्या. किंमतीत फार फरक नसतो, उजेडात असतो.

खारं वारं आणि बिल

खोक्यावर 25,000 तास लिहिलेलं असतं. रोज पाच तासांनी तेरा वर्षं होतात. समुद्राजवळ इतकी वर्षं क्वचितच मिळतात. एलईडीचा दाणा सहसा जात नाही, जातं ते आतलं सर्किट. त्याला उष्णता आणि व्होल्टेजचे झटके सोसत नाहीत, आणि खाऱ्या हवेने होल्डरच्या पिना गंजल्या की ठिणग्या पडून बल्ब जातो. लोक म्हणतात एलईडी टिकत नाही, पण आधी होल्डर बदलून बघा. पूर्ण बंद काचेच्या गोळ्यात एलईडी लावू नका, त्याला हवा लागते. अंगणातल्या दिव्याला पाण्या-धुळीपासून संरक्षण असलेली, आयपी65 लिहिलेली फिटिंग घ्या. जुन्या पट्टीत नुसती नळी बदलून एलईडी नळी बसवत असाल तर वायरमनकडून चोक आणि स्टार्टर काढून घ्या, नाहीतर काही प्रकारच्या नळ्यांत चोक आपला हप्ता घेतच राहतो. 40 वॅटची जुनी नळी चोकसकट 52-55 वॅट घ्यायची, ही गोष्टही फार कमी जणांना माहीत असते. फुटलेल्या सीएफएलमध्ये थोडा पारा असतो. तो झाडूने झाडू नका, ओल्या कागदाने उचला, खिडक्या उघडा आणि मुलांना लांब ठेवा.

खोल्या भाड्याने देणाऱ्यांना आणखी एक. समुद्राकडे तोंड केलेले प्रखर दिवे पाहुण्यांना आवडतात असं वाटतं, पण त्यातला निम्मा उजेड आकाशात आणि लाटांवर जातो. रत्नागिरी जिल्ह्यात वेळास, आंजर्ले, गुहागरच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं बाहेर आली की जिकडे उजेड जास्त तिकडे जातात. तो समुद्राकडे असायला हवा, हॉटेलाकडे नाही. दिव्याला वरून झाकण, तोंड खाली, रंग पिवळसर. वीजही वाचते आणि पाहुण्यांना तारे दिसतात.

बिलाचं म्हणाल तर, एकूण रक्कम भागिले एकूण युनिट एवढंच मुलांना करायला लावू नका. घरगुती वीजदर टप्प्यांत असतो, 100 युनिटपर्यंत एक, 101 ते 300 दुसरा, त्यापुढे आणखी चढा. आपण वाचवतो ते युनिट नेहमी सगळ्यात वरच्या टप्प्यातलं असतं, म्हणून ते सरासरीपेक्षा महाग पडलेलं असतं. 110 युनिट येणाऱ्या घराने देवघरातला झिरो बदलला तर तो सबंध वरचा टप्पाच पुसला जातो. शिवाय त्यावरचा 16 टक्के वीजशुल्काचा हिस्साही. सगळे दिवे बदलूनही बिल फारसं उतरलं नाही तर मात्र उजेडाला दोष देऊ नका. 75 वॅटचा जुना पंखा रोज बारा तास चालला तर एकटाच महिन्याला 27 युनिट घेतो. त्यावर वेगळं लिहीन.

मोजणी करताना तुमच्या मीटरवर 3200 ऐवजी 1600 किंवा 6400 असेल तर घाबरू नका. दहा मिनिटांत मोजलेल्या लुकलुकींना 6000 ने गुणा आणि मीटरवरच्या आकड्याने भागा. उत्तर थेट वॅटमध्ये येतं. पाचवी-सहावीच्या मुलांना हे जड गेलं तर 3200 च्या मीटरसाठी नुसतं दुप्पट करून थोडं कमी करायला सांगा. आठचे सोळा, थोडे कमी पंधरा.